खिळ्यावर टांगलेला बुश

मी गाव सोडलं त्या दिवशी लासूर स्टेशनच्या जीपअड्ड्यावर मला पोचवायला अकरा माणसं आली होती आणि त्यातल्या सहा बायका रडत होत्या. माय तर अशी रडत होती की जीपचा ड्रायव्हर रज्जाकभाई खाली उतरून विचारायला लागला, "पोट्टा फौज में जा रहा क्या?" कुणीतरी सांगितलं, बजाजनगरला चाललाय. रज्जाकभाईनं आधी माझ्या ट्रंकेकडं पाहिलं, मग मायकडं पाहिलं आणि म्हणाला, "माँ, बजाजनगर मैं दिन में चार बार जाके आतूं. बोले तो शाम कू वापस लातूं इसकू."

तासाभराचा रस्ता. पण आमच्या घरातल्यांनी त्याचा सातासमुद्रापारचा प्रवास केला. पत्र्याची ट्रंक, दोन गोधड्या, लोणच्याची बरणी, ठेच्याची बाटली, धपाट्यांचं गाठोडं आणि आत्यानं भर उन्हाळ्यात दिलेली छत्री. शिवाय आत्यानं माझा चेहरा दोन्ही हातांत धरून असा न्याहाळला, जणू पुन्हा दिसेन न दिसेन. पुढच्या रविवारी मी मळके कपडे घेऊन दारात उभा राहिलो तेव्हा आत्या अजून मुक्कामालाच होती. मला बघून तिचं तोंड जे उतरलं ते मी विसरलेलो नाही. आठ दिवस मनापासून रडलेल्या बाईला मी फसवलं होतं.

अड्ड्यावर एकच माणूस आला नव्हता. अण्णा, म्हणजे माझे वडील.

बाजार समितीच्या रस्त्याला त्यांची पत्र्याची शेड. शेडमध्ये एक जुना लेथ. ज्यांनी पाहिला नसेल त्यांच्यासाठी सांगतो: लोखंडाचा तुकडा जबड्यात धरून गरगर फिरवायचा आणि हत्यार लावून सोलत सोलत मापाला आणायचा, हे लेथचं काम. विहिरीवरच्या पंपांचे शाफ्ट म्हणजे फिरते दांडे, उसाच्या रसाच्या चरकाचे रूळ, ट्रॅक्टरच्या पिना, सगळं अण्णा त्या एका लेथवर करायचे. चाकं हातानं फिरवायची, माप हातानं घ्यायचं आणि लोखंड नीट कापलं जातंय का ते कानानं ऐकायचं. मी पाया पडायला गेलो तेव्हा लेथ चालू होता. त्यांनी तो बंद केला नाही.

"येतो अण्णा. संगणकावर चालणारं लेथ हाय तिथं. सीएनसी म्हणतात."

"मंग तू काय करणार?"

"प्रोग्राम लावायचा, तुकडा बसवायचा आन बटन दाबायचं."

अण्णांनी फिरत्या लोखंडावरची नजर काढली नाही. म्हणाले, "लिफ्टमधी एक माणूस बसतो बघ. तोबी बटनच दाबतो. पण त्याला निदान बसायला स्टूल असतंय."

हा आशीर्वाद घेऊन मी निघालो. त्याला आता चोवीस वर्षं झाली.

हे सगळं आज लिहायचं कारण आपल्या शाळेची स्मरणिका. गाव सोडून गेलेल्या माजी विद्यार्थ्यांनी आठवणी लिहाव्यात असं समितीचं पत्र आलं आणि यादीत सुधीरच्या नावाखाली माझं नाव पाहून मला गुदगुल्या झाल्या. सुधीर माझा चुलतभाऊ, जर्मनीला असतो. त्यानं आपला लेख मला आधीच वाचायला पाठवला. लेखात झुळझुळ वाहणारी नदी आहे. मंडळी, तुम्ही गावातच आहात, तुम्हीच सांगा, ती कधी झुळझुळ वाहिली? शाळेसमोरचा वड आहे. तिथं बाभूळ होती आणि तिचा काटा सुधीरच्याच टाचेत मोडला होता. नऊ तासांच्या विमानप्रवासात माणसाला एवढा विसर पडत असेल तर कठीण आहे. दर आठवड्याला तो भाकरीचा फोटो टाकतो आणि खाली 'मिस यू माय' लिहितो. माय म्हणजे त्याची काकू, माझी आई. तिच्या हातची भाकरी तो लहानपणी कुत्र्याला घालायचा.

जे गेले नाहीत त्यांचीही गत फार वेगळी नाही. मी गावात आलो की पारावरचे दोघेतिघे विचारतातच, "काय दिनकरराव, सगळं मशीनच करतंय म्हणं. तुम्ही नुसतंच बघत बसता काय?" स्वतः चोवीस वर्षं पारावर बसून नुसतंच बघणारी माणसं हे मला विचारतात.

तर माझी गोष्ट अशी. बजाजनगरला लागूनच असलेल्या वाळूजच्या एका कारखान्यात मी पहिल्यांदा ते सीएनसी मशीन पाहिलं आणि मला वाटलं, हे कपाट आहे. सगळं बंद. एक सरकतं दार, दाराला काच, आत पांढरं दुधासारखं पाणी उडतंय, कारण कापताना लोखंड तापू नये म्हणून त्यावर सतत पाण्यात कालवलेलं तेल सोडतात. बाहेर एक पडदा आणि शंभर बटनं. आकडे टाकायचे, दार लावायचं, हिरवं बटन दाबायचं. दीड मिनिटानं दार उघडायचं, आत चकचकीत तुकडा तयार. असे दिवसाला तीनशे. पहिला आणि तीनशेवा शेजारी ठेवले तर त्यांच्या जन्मदात्याला ओळखू येणार नाहीत.

मी प्रेमात पडलो. लपवत कशाला? अण्णांच्या हातांवर उडालेल्या तापलेल्या किसाचे डाग असायचे, कपड्यांना काळ्या तेलाचा वास. माझे हात स्वच्छ, खिशाला कंपनीचं नाव आणि तोंडात नवी भाषा. शिफ्ट, सेटिंग, रिजेक्शन. बायकोला मी लग्नानंतर पहिल्याच आठवड्यात विचारलं, चहाचा सायकल टाइम, म्हणजे एका कपाला लागणारा वेळ, किती? तिनं दोन दिवस चहाच दिला नाही.

आणि सगळ्यात मोठा शब्द, मायक्रॉन. मिलिमीटरचे हजार भाग केले की त्यातला एक. हा शब्द शिकल्यावर मी जो माजलो, त्याला तोड नाही. रविवारी गावी येताना खिशात आकडे दाखवणारं मापक घेऊन यायचो आणि अण्णांनी नुकताच उतरवलेला शाफ्ट मोजायचो.

"अण्णा, चार मायक्रॉन जास्त आहे."

"म्हंजे किती?"

"केसाचे वीस भाग करा. त्यातला एक."

"कुणाच्या केसाचे? तुझ्या का म्हशीच्या?"

"अण्णा, मी सीरियसली सांगतोय."

"मीबी तेच विचारतोय. ह्यो शाफ्ट पंपात जाणार. पंप इहिरीत जाणार. इहिरीत उतरून कोण केस मोजाय बसलंय?"

भोवतीचे शेतकरी हसायचे. मी त्यांच्याकडं शहरी दयेनं पाहायचो. पुढं मी मशीन लावून देणारा सेटर झालो, मग सुपरवायझर, आणि शेवटी वाळूजमध्येच भाड्याची शेड घेऊन स्वतःची दोन मशीनं लावली. बजाजनगरात घर झालं. वास्तुशांतीला अण्णा आले, पोटभर जेवले, नातवाला मांडीवर घेतलं. माझी शेड तिथून चालत दहा मिनिटांवर. म्हणालो, येता का बघायला? म्हणाले, "सुट्टीच्या दिवशी मशीनचं तोंड बघत नाय." मधल्या दिवसांत बोलावलं तर म्हणाले, हातात काम हाय. दर वेळी हातात काम. आणि गावात कुणी विचारलं, थोरला काय करतो, तर अण्णा न चुकता सांगायचे, "लिफ्टवर हाय."

पहिली दहा वर्षं मी हसलो. नंतर मात्र मला ते लागायला लागलं. या माणसानं एकदा, फक्त एकदा, मला टर्नर म्हणावं. टर्नर म्हणजे लेथवर काम करणारा. अण्णा स्वतःला तेवढंच म्हणायचे आणि गावातल्या बाकी कुणाला म्हणायचे नाहीत. लासूरमधल्या दुसऱ्या लेथवाल्याला ते 'लोखंड नासवणारा' म्हणत. तेव्हा हा शब्द किती कंजूसपणे वाटला जातो ते मला माहीत होतं.

यंदा उन्हाळ्यात अण्णांचा लेथ थरथरायला लागला. ज्या गोल कड्यात लेथचा मुख्य शाफ्ट फिरतो, त्या गनमेटलच्या, म्हणजे तांब्या-कथलाच्या मऊ मिश्रधातूच्या, बुशला झीज आली होती. शाफ्ट पोलादाचा, तो सहज झिजत नाही. झिजायचं काम गनमेटलनं करायचं, हा त्यांच्यातला जुना करार. आता बुश एवढा सैल झाला की कापलेल्या लोखंडावर लाटा उमटायच्या. माझा धाकटा भाऊ बाळू याला ही पर्वणीच होती. त्याला त्या जागी मोबाइलचं दुकान टाकायचं होतं.

"अण्णा, ऐंशी झाली तुमची. भंगारात घाला आता त्याला."

"बुश बदलला की झालं."

"बदला ना मग. पोळ्यापर्यंत चालू करून दाखवा. नाय झाला तर भंगारवाला बोलावतो."

अण्णा म्हणाले, व्हय. पण खरी अडचण त्यांना व्हय म्हटल्यावर कळली असणार. बुश बनवायला लेथ लागतो. आणि अण्णांचा लेथ बुशवाचून बंद. लोखंड नासवणाऱ्याकडं जाणं म्हणजे त्यांच्यासाठी जीव देण्यासारखं.

एका सकाळी रज्जाकभाई माझ्या शेडच्या दारात उभा. दाढी पांढरी झाली, गाडी नवी, तोंड तेच. "तेरे बाप ने भेजे. बोले, हात में देना, किसी और कू नको." वर्तमानपत्रात गुंडाळलेला तो जुना बुश आणि एक चिठ्ठी: असाच एक. लवकर.

तीन शब्द. चोवीस वर्षांत अण्णांनी मला दिलेलं पहिलं काम. ती चिठ्ठी मी पाकिटात, नोटांच्या मागच्या कप्प्यात ठेवली.

आणि मग मी जो थाट केला! गिऱ्हाइकाचं काम उतरवून ठेवलं. बुश डिझेलनं धुतला. माझ्याकडं येणारी कामं ड्रॉइंगवर येतात: पुण्याचा कुणीतरी साहेब कागदावर आकडे पाठवतो, आम्ही ते आकडे लोखंडातून काढतो, विचार करायचं काम नसतंच. इथं ड्रॉइंग नव्हतं, म्हणून बुशलाच मी ड्रॉइंग मानलं. आतलं भोक बरोबर मधोमध तीनदा मोजलं, सरासरी काढली, तिसऱ्या दशांश स्थळापर्यंत आकडे टाकले. गनमेटलचा उत्तम तुकडा निवडला. मशीननं असा बुश काढला की त्यात तोंड दिसावं. मी तो पुन्हा मोजला. नमुन्यात आणि नव्यात दोन मायक्रॉनचा फरक. फोमच्या डबीत ठेवला, सोबत सही-शिक्क्याचा तपासणी अहवाल प्लास्टिकच्या पाकिटात घातला आणि रज्जाकभाईच्या हाती दिला. मला वाटलं, आता तो शब्द येणार.

दुसऱ्या दिवशी बाळूच्या नंबरावरून फोन आला. उचलला तर पलीकडं पुष्कळ माणसं हसत होती आणि त्यांच्या वर अण्णांचा आवाज.

"दिन्या! लेका, तू झीजबी मापून बनवलीस की रे!"

मला कळेना.

"जुन्यात जेवढा खुळखुळा होता ना, तेवढाच नव्यात! तुझ्या त्या मायक्रॉनचाबी फरक नाय! आरं झिजलेल्या बुशची कुणी नक्कल करतंय व्हय? आन वर सर्टिफिकेट दिलंय, बरोबर हाय म्हणून!"

मंडळी, मी खुर्चीत बसलो. बाजारातला तो हशा फोनमधून वाहत होता. मी चोवीस वर्षं केसाचे वीस भाग करत बसलो होतो, आणि वस्तू झिजलेली आहे, म्हणूनच नवी मागवली आहे, एवढं साधं माझ्या डोक्यात आलं नव्हतं. पडद्यानं आकडा मागितला, मी आकडा दिला. लिफ्टमधल्या माणसानं तरी निदान विचारलं असतं, कितवा मजला?

मग बाळूनं फोन घेतला. "दादा, जाऊ दे आता. भंगारवाल्याला बुधवारचं सांगितलंय." पोळा मंगळवारी होता. मागं अण्णांचा आवाज ऐकू येत नव्हता. ते हसायचे थांबले होते, आणि मला पहिल्यांदा भीती वाटली.

सोमवारी सकाळी रज्जाकभाईची गाडी माझ्या शेडसमोर थांबली आणि तिच्यातून काठी टेकत अण्णा उतरले. चोवीस वर्षांत पहिल्यांदा. दारात उभं राहून त्यांनी आत नजर फिरवली, पांढऱ्या फरशा, नळीचे दिवे, भिंतीवरचे तक्ते.

"चप्पल काढायची का? दवाखान्यावाणी दिसतंय."

"नका काढू अण्णा."

मशीनसमोर जाऊन काचेवर टकटक केलं. "आत कोण हाय?"

"कुणी नाय. काम आत चालतं."

"आन तू भाईर. मंग त्याला काय होतंय ते तुला कसं कळतं?"

मी पडदा दाखवला. पडद्याकडं त्यांनी अशा नजरेनं पाहिलं, ज्या नजरेनं ते लोखंड नासवणाऱ्याच्या शाफ्टकडं पाहत. मग खिशातून रुमाल काढला, रुमालातून जुना बुश काढला.

"बोट घाल. मधी नाय, पार मागच्या कडेला. काय लागतंय?"

मी करंगळी आत सरकवली. अगदी शेवटी, नखाएवढ्या रुंदीची एक पट्टी होती आणि तिला बारीकशी पायरी होती. बुशचं बाकीचं सगळं अंग खोल गेलेलं, ती पट्टी तेवढी उंच राहिलेली.

"शाफ्ट तिथवर पोचतच नाय," अण्णा म्हणाले, "म्हणून तिथं घासलं नाय. ते त्याचं खरं माप. जिथं घासलं नाय तिथनं मापायचं असतंय. बाकीचं त्याचं म्हातारपण हाय. म्हातारपणाची कशाला नक्कल करतो?"

मी मोजलं. मिलिमीटरच्या तिसऱ्या हिश्श्याएवढा फरक. चार मायक्रॉनसाठी बापाशी वाद घालणाऱ्या माणसाला तो दिसला नव्हता. आकडे बदलले, गनमेटल बसवलं, दार लावलं. हिरव्या बटनाकडं हात नेला तर काठी मधे आली.

"स्टूल हाय का?"

मी स्टूल आणलं. अण्णा त्यावर ऐटीत बसले, धोतर सारखं केलं आणि अंगठ्यानं बटन दाबलं. आत पाणी उडालं, हत्यार पुढं आलं. अण्णा पुढं वाकले आणि त्यांनी काचेला कान लावला. चार मिनिटं ते तसेच होते. मधेच एकदा म्हणाले, "आता शेवटचा हात मारतंय." पडद्यावर तेच होतं. मी त्यांना सांगितलं नाही.

दार उघडल्यावर मी मापक उचललं. त्यांनी ते बाजूला सारलं, बुश हातात घेतला, अंगठा आतून फिरवला, रुमालात बांधला, खिशात टाकला. मी वाट पाहत होतो.

"चहा सांग," ते म्हणाले. चहा पिऊन झाल्यावर निघताना दारात थांबले. "स्टूल असलं म्हंजे वाईट नाय हे काम."

एवढंच. मी त्या शब्दाची वाट पाहणं सोडून दिलं.

पोळ्याच्या दिवशी दुपारी बाळूचा फोन आला. त्यानं फोन नुसता शेडकडं धरून ठेवला. पलीकडं लेथ चालू होता. एकसारखा, लाट नसलेला आवाज. बुधवारी भंगारवाला आला, दारात उभा राहून थोडा वेळ ऐकत राहिला, चहा घेऊन गेला. बाळूनं दुकान समोरच्या गाळ्यात टाकलं, आणि तिथं त्याचं बरं चाललंय, कारण अण्णांकडं आलेला माणूस काम होईपर्यंत जाणार कुठं?

पुढच्या आठवड्यात मी गावी गेलो. शेडच्या दाराशी, जिथं कॅलेंडर असायचं त्या खिळ्यावर माझा तो पहिला, चुकीचा बुश टांगलेला होता. चकचकीत. खाली तपासणी अहवालही, प्लास्टिकच्या पाकिटासकट. मी आलोय हे अण्णांना दिसलं नव्हतं. ते एका शेतकऱ्याला काठीनं दाखवत होते.

"हे बघा. माझ्या थोरल्यानं बनवलंय. वाळूजला टर्नर हाय तो. झिजलेला बुश दिला तर झिजलेलाच बनवून दिला, तोळामासा फरक नाय! सांगा, कुणाला जमतंय का असं? मला जन्मात जमलं नाय."

शेतकरी हसला. अण्णा हसले. मी दाराबाहेर उभा होतो आणि त्या सगळ्यातला फक्त मधला एक शब्द ऐकत होतो.

तर सुधीर, तुझी नदी आणि तुझा वड तुझ्याजवळ राहू दे. आणि पारावरच्या मंडळींनो, व्हय, मी नुसतंच बघत बसतो, शिकलो आता. माझा पत्ता बजाजनगरचा, आधार कार्डावर तोच आहे. पण माझी चूक जिथं खिळ्याला टांगून येणाऱ्या-जाणाऱ्याला कौतुकानं दाखवली जाते, ती जागा तासाभरावर आहे, आणि तिला दुसरं काय म्हणायचं ते मला माहीत नाही.

मागच्या खेपेला शेडमध्ये कुणी नाही असं बघून मी हळूच हात वर केला, बुश काढून घ्यावा म्हणून. लेथच्या पलीकडून आवाज आला.

"ठिव तिथंच. उद्या बाजार हाय. माणसं बघाय येत्यात."